अंगी लागणारं नत्र



स्मृतिव्याख्यानासाठी खतासारखा विषय घेतला, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण ज्या गोष्टीवर सोसायटीच्या ओट्यावर, कृषी सेवा केंद्राच्या फळीपाशी आणि बांधाबांधावर रोज बोलणं होतं, ती सभागृहात बोलायला संकोच कशाला? मला आज एकच प्रश्न विचारायचा आहे. आपण शेतात जे नत्र टाकतो, ते जातं कुठं? आडसाली उसाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १६०. युरियात ४६ टक्के नत्र असतं. ४५ किलोच्या पोत्यात ते साधारण पावणेएकवीस किलो भरतं. ते सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी जवळजवळ आठ पोती झाली. ही शिफारशीची गोष्ट. प्रत्यक्षात किती पडतात ते या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे, मी कुणाला आकडा विचारत नाही. दिलेल्या नत्रापैकी पीक त्या हंगामात उचलतं ते सर्वसाधारणपणे ३० ते ५० टक्के. म्हणजे आठातली चार-पाच पोती उसाच्या तोंडात जातच नाहीत. आपल्याकडे एक चांगला शब्दप्रयोग आहे. पोर खातं-पितं, पण अंगी लागत नाही, असं आपण म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कृष्णेच्या खोऱ्यातल्या पिकाची अडचण नत्राच्या टंचाईची फारशी उरलेली नाही; ती अंगी लागण्याची आहे. आणि नत्र अंगी लागणं पोत्याच्या हातात नसतं. ते मुळाशी असलेल्या हवेच्या, जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाच्या आणि इतर अन्नद्रव्यांच्या हातात असतं.

आधी टंचाई या शब्दाचा हिशेब करू. आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे. एका एकरावर जो हवेचा स्तंभ उभा आहे, त्यात सुमारे तीस हजार टन नायट्रोजन असतो. तीस हजार टन! आणि त्याच एकरातला ऊस नत्रावाचून पिवळा पडतो. हे कसं? हवेतल्या नायट्रोजनाचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं जखडलेले असतात आणि तो बंध तोडायचं सामर्थ्य कोणत्याही झाडापाशी नाही. वीज चमकते तेव्हा थोडा तुटतो, त्यातून हेक्टरी दरसाल काही किलो नत्र पावसाबरोबर उतरतं. बाकी काम काही मोजक्या जिवाणूंचं, आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाचं. फ्रिट्झ हाबर यानं १९०९ साली हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉशनं १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ इथं त्याचा कारखाना उभा केला. प्रचंड दाब, चारशे-पाचशे अंश तापमान, लोखंडाचा उत्प्रेरक. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ तेच काम करते, तीस अंशांच्या आत, मातीत, आवाज न करता.

त्या गाठीपाशी थोडं थांबू, कारण आजचा सगळा विषय तिच्यात मावतो. हरभरा उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर ती कामावर आहे असं समजावं. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनाच्या चुलतभावाचा. आतल्या रायझोबियम जिवाणूंची अडचण विचित्र असते. नायट्रोजन फोडणारं त्यांचं विकर प्राणवायू लागताच बिघडतं, आणि जिवाणूंना श्वासाला तर प्राणवायू हवाच. म्हणून तो गुलाबी पदार्थ प्राणवायू मोजून-मापून आत पोचवतो. हे काम जिवाणू फुकट करत नाहीत. झाड त्यांना पानात तयार केलेली साखर देतं तेव्हा ते झाडाला नत्र देतात. हा रोखीचा व्यवहार आहे, आणि झाड व्यवहाराला पक्कं असतं. जमिनीत आयतं नायट्रेट मुबलक दिसलं की ते गाठी करायचं आखडतं घेतं. सोयाबीन हिरवंगार दिसावं म्हणून त्याला वरून युरियाचे दोन हात देणारा माणूस स्वतःच्या पैशानं जिवाणूंना सुट्टी देत असतो. जुन्या शेतकऱ्यांना यातलं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्यांच्यापाशी ‘बिवड’ हा शब्द होता. हरभऱ्याचा बिवड, तागाचा बिवड. आधीचं पीक पुढच्या पिकासाठी जमिनीत जे ठेवून जातं, त्याला एका शब्दात नाव होतं. रायझोबियमचा छडा युरोपातल्या शास्त्रज्ञांना १८८६ ते १८८८ या वर्षांत लागला. बिवड आपण त्याआधीपासून खात होतो. इथं एक सावधगिरी मात्र हवी. शेंगेचं प्रत्येक पीक सारखं नसतं. कोरेगावच्या ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तो राजम्याच्या कुळातला, आणि हे कुळ हवेतलं नत्र बांधण्यात आळशी आहे. म्हणून त्याला शिफारशीतही इतर कडधान्यांपेक्षा बरंच जास्त नत्र द्यावं लागतं. ‘डाळवर्गीय आहे ना, मग खत कशाला’ हा हिशेब तिथं चुकतो.

आता पोतं फोडून शेतात टाकलेल्या युरियाच्या मागे जाऊ. युरिया हा पदार्थ काही परग्रहावरचा नव्हे. १८२८ मध्ये व्होलर या रसायनशास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला तेव्हा खळबळ उडाली, ती तो मूत्रातला पदार्थ होता म्हणून. जत-आटपाडीकडून आलेल्या धनगराच्या मेंढ्या रानात बसवल्या की रात्रभरात जमिनीत जे मुरतं, त्यातही युरियाच असतो. रेणू तोच. फरक सोबतीचा आहे. मेंढीचा युरिया लेंडीसह, म्हणजे कर्बासह येतो. पोत्यातला एकटा येतो. जमिनीत पडल्यावर काही दिवसांत युरियाचा अमोनिया होतो, अमोनियाचं नायट्रेट होतं, आणि पीक मुख्यतः या दोन रूपांत नत्र घेतं. या वाटेवर चोर तीन आहेत. पहिला आभाळाकडे नेणारा. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त, तिचा सामू आठाच्या वर. अशा जमिनीवर युरिया नुसता विस्कटून टाकला आणि वर ऊन पडलं, तर अमोनिया वायू होऊन उडतो. कधी पाचवा हिस्सा जातो, कधी त्याहून जास्त. दुसरा चोर पाताळाकडे नेणारा. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाटपाण्याबरोबर ते मुळांच्या खाली जातं आणि विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवलेली आहे, कारण तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्यानं कमी होते. खताचा जो रुपया उसाला लागला नाही, तो पाळण्यातल्या बाळाच्या दुधात मिसळायच्या पाण्यात जाऊ शकतो, हे आपण फार क्वचित बोलतो. तिसरा चोर सगळ्यांत हुशार, आणि त्याला आपणच घरात घेतो. तो पाण्याखाली कोंडलेल्या मातीत राहतो.

हा तिसरा चोर समजायला ‘वाफसा’ हा शब्द पुरे आहे. चिखलही नाही आणि कोरडंही नाही; मातीच्या कणांभोवती पाण्याचा थर आणि मधल्या पोकळीत हवा. हे सगळं सांगायला आपल्याला एक शब्द पुरतो. नायट्रेट मुळात आपोआप शिरत नाही. मुळाच्या पेशी ऊर्जा खर्चून ते आत ओढतात, आणि ती ऊर्जा श्वासातून येते. मूळ गुदमरलं की समोर ताट वाढलेलं असूनही त्याला घास घेता येत नाही. त्याच वेळी हवा संपलेल्या मातीतले काही जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात. नायट्रेटचा पुन्हा नायट्रोजन होऊन तो हवेत जातो, काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो तापमानवाढीच्या दृष्टीनं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जड आहे. म्हणजे नैसर्गिक वायू जाळून, बोटीनं आणून, अनुदान देऊन जे नत्र हवेतून काढलं, ते आपण रानात पाणी तुंबवून परत हवेला दिलं. आता शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहा. रानात पाणी साचलंय, ऊस फिका पडलाय. उपाय काय सुचतो? आणखी एक पोतं. ते पोतंही त्याच वाटेनं जातं. उपाशी माणसाला जेवण हवं हे खरं. पण ज्याचा गळा आवळला आहे, त्याला आधी श्वास हवा.

हे काही आजच कळलेलं नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत त्याखालच्या जमिनींवर मीठ फुटू लागलं. १९१० मध्ये हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यासाठी पुस्तिका लिहिली. १९३२ साली नीरेकाठी, फलटण तालुक्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र उभं राहिलं. त्यानं पुढे आपल्याकडे को ८६०३२ आणि फुले २६५ सारखे वाण प्रसारित केले. ते वाण सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण निचऱ्याचा धडा? तो वाणांइतका कुणी उचलला नाही. आज सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, मिरज, पलूसच्या नदीकाठच्या काळ्या रानांत क्षारपड पट्टे आहेत. अशा जमिनीत मिठामुळे मुळाला पाणी ओढणं जड जातं, अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, आणि मिठातला क्लोराइड मुळाच्या दारातच नायट्रेटशी धक्काबुक्की करतो. तिथं नत्राची मात्रा वाढवणं म्हणजे बंद दारावर आणखी पाहुणे पाठवणं. शेजारच्या शिरोळ तालुक्यात सच्छिद्र निचरा प्रणाली घालून जमिनी परत पिकाखाली आल्या. ते काम खर्चाचं आहे आणि एकट्यादुकट्याचं नाही, कारण पाणी बांध ओळखत नाही. यावर कुणी विचारेल, आणि रास्तच विचारेल, की उपसा योजनेच्या पाण्याची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, वीज रात्री येते. मग माणूस मिळेल तेव्हा रान भरूनच घेणार ना? घेणार. हा दोष शेतकऱ्याच्या अकलेचा नाही, व्यवस्थेचा आहे. पण मुळाला व्यवस्थेची कारणं सांगता येत नाहीत.

आता पिवळ्या पानाकडे येऊ. आपल्याकडे उसाची पोंग्याकडची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की ‘केवडा पडला’ म्हणतात. रंगावरून ठेवलेलं हे नाव सुंदर आहे, पण त्या सुंदर नावानं पुष्कळ युरिया वाया घालवला आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, घरातल्या थोरांनी पोरांना आपल्या ताटातलं द्यावं तसं. म्हणून नत्राची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोहाचं तसं नाही. ते जुन्या पानांतून सहजी हलत नाही, म्हणून त्याची टंचाई कोवळ्या पानांवर उमटते. तेव्हा आधी बघायचं ते पान खालचं पिवळं आहे की वरचं. केवडा बहुतेक वेळा लोहाचा असतो. लोह जमिनीत नसतं असं नाही, चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही, आणि पाणी साचलं की आणखी कठीण होतं. तिथं उपाय आहे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, शेणखतात मुरवून किंवा फवारून. शिवाय एक आतली गोष्ट आहे. मुळानं घेतलेलं नायट्रेट झाडाला तसंच वापरता येत नाही, ते आधी अमोनियाच्या रूपात आणावं लागतं. त्या कामाच्या पहिल्या विकरात मॉलिब्डेनम आणि लोह असतं, दुसऱ्यातही लोह असतं. नंतर त्याची अमिनो आम्लं करायला पानात तयार झालेली साखर लागते. म्हणजे लोह नसेल तर आत गेलेलं नत्रही निकामी. रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं एकोणिसाव्या शतकात हेच मांडलं होतं, की पीक सर्वांत कमी असलेल्या द्रव्याच्या मापानं वाढतं. माण-खटावच्या कोरडवाहू ज्वारीला हे सांगायला नको. तिथं सर्वांत कमी असलेलं द्रव्य पाणी आहे, आणि ओल नसताना दिलेलं खत मातीत नुसतं पडून राहतं.

मग पोतं युरियाचंच का उचललं जातं? एक कारण डोळ्यांना दिसतं. युरियानं आठवड्यात पान काळंभोर होतं. पालाशनं तसा चमत्कार होत नाही. दुसरं कारण किमतीचं. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर आधारित झालं, युरिया त्याबाहेर राहिला. एक स्वस्त, दोन महाग. मग कल कुणीकडे जाणार? ‘आपल्या काळ्या जमिनीत पालाश भरपूर आहे’ असं वरून ऐकायला मिळतं. एकूण साठा आहे हे खरं, पण ऊस नत्रापेक्षाही जास्त पालाश उचलतो आणि दरसाल मोळीबरोबर कारखान्यात पाठवतो. नत्र जास्त आणि पालाश कमी, अशा उसाची कांडी लांबते, तो लोळतो, रसात साखर उशिरा आणि कमी भरते. नवल असं की याच सांगली जिल्ह्यात नत्राची काटकसर जाणणारे बागायतदार आहेत. तासगावचा द्राक्षवाला देठ परीक्षण करून घेतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड बनायच्या दिवसांत नत्र आणि पाणी आवरतो, कारण वेल माजला तर घड रुसतात आणि डाऊनी रोग आत येतो, हे त्याला माहीत आहे. एकाच कुटुंबात द्राक्षाच्या वेलीला ग्रॅमनं आणि उसाला गोणीनं खत जातं. ज्ञान आहे, फक्त ते बांध ओलांडून उसात आलेलं नाही.

इथं दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक म्हणेल, युरिया बंद करून एकरी साठ-सत्तर टन कोण काढून दाखवतो? मी बंद करा म्हणत नाही. जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न आज हाबर-बॉशच्या नत्रावर उभं आहे. त्याला नावं ठेवणं म्हणजे भरल्या पोटी ताटाला नावं ठेवणं. दुसरा म्हणेल, रासायनिक काहीच नको, देशी गाईचं जीवामृत पुरे. इथं भावना बाजूला ठेवून अंकगणित करू. जीवामृताच्या दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो ताजं शेण. त्या शेणात नत्र फार तर पन्नास ग्रॅम. एकरातला ऊस शंभर किलोच्या घरात नत्र मागतो. यावर उत्तर येतं की जीवामृत खत नव्हे, विरजण आहे, ते जमिनीतला साठा मोकळा करतं. ठीक. मग साठा मोजू. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल तर वरच्या वीतभर मातीत एकरी सुमारे चारशे किलो नत्र बांधलेलं असतं, आणि त्यातलं वर्षाला दोन-तीन टक्के मोकळं होतं. म्हणजे आठ ते बारा किलो. विरजण कितीही चांगलं असलं तरी दूधच पावशेर असेल तर दही किती लागणार? पण या दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात एक गाभ्याची गोष्ट आहे, आणि ती पहिल्या पक्षानं ऐकायला हवी. कर्बाशिवाय नत्र टिकत नाही. जिवाणू नत्र शरीरात बांधून धरतात ते कर्ब खाऊन, आणि मरताना हळूहळू सोडतात. ज्या जमिनीत कर्ब नाही, तिथं युरिया भाडेकरूसारखा येतो आणि जातो.

आणि हा कर्ब आपण जाळतो. ऊस तुटला की एकरी तीन-चार टन पाचट रानात पडतं. काडी लावली की त्यातलं नत्र, गंधक आणि कर्ब धुरात जातात. जाळणाऱ्याची तक्रार असते की पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो. ही तक्रार खोटी नाही. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडं, म्हणून ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलं नत्र ओढून घेतात. म्हणूनच टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. एकरी हिशेब केला तर युरिया पोत्यापेक्षा कमीच लागतो. तेवढा उधार दिला की जिवाणू तो पुढच्या महिन्यांत परत करतात.

पुढचा प्रश्न उभा राहतो तो असा की पाचटाच्या गादीवर खत टाकायचं कसं? वरून टाकलं तर पहिला चोर टपलेलाच आहे. याला उत्तर म्हणून पहार वापरतात. बुडख्यापासून वीतभर अंतरावर, वीतभर खोल, फुटाफुटावर छिद्र घ्यायचं, त्यात खत टाकायचं आणि माती लोटायची. पहिली मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूनं, दुसरी चार-साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूनं. मजूर लागतात, हात भरून येतात, आणि विस्कटण्याच्या दोन तासांच्या कामाला दोन दिवस लागतात, हा आक्षेपही मान्य. पण वीतभर खोल गेलेल्या युरियाला ऊन लागत नाही, त्याचा अमोनिया मातीच्या कणांना चिकटतो, आणि खोडव्याची नवी पांढरी मुळं जिथं फुटतात, त्याच ओलीत, वाफशात, तो त्यांची वाट पाहत राहतो.